डेल्मर हाउगन जिवंत असेपर्यंत

डेल्मर हाउगनने कॅफेत डोनटकडे हात नेला, की चारी टेबलांवरून आरडाओरडा सुरू होतो.

"ठेव खाली!"

"डेल, डॉक्टरने काय सांगितलंय तुला साखरेचं?"

"माझा गिअरबॉक्स मे महिन्यात भरलायस तू. निदान दहा वर्षं तरी मरू नकोस, मेल्या!"

डेल्मर सगळ्यांकडे एकेकदा बघतो, डोनट कॉफीत बुडवतो आणि सावकाश खातो. भरल्या थिएटराला खेळ दाखवावा तसा.

आमच्या क्रॉमर गावात ज्या ज्या डिझेल पिकअपच्या मागे काही ओढलं जातं, वासरं, गवताचे गठ्ठे, घोडे, बीट, त्या बहुतेक गाड्यांच्या पोटात डेल्मरचा हात फिरलेला आहे. कंपनीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दूध-अंडी आणायला उत्तम. त्याच गाडीला वीस वासरांचा ट्रेलर जोडा आणि घाट चढवा, दोन वर्षांत आतल्या प्लेटा जळून कोळसा. मग गाडी डेल्मरकडे येते. तो गिअरबॉक्सची पेटी खाली उतरवतो, आत प्लेटा वाढवतो, जाडजूड शाफ्ट घालतो, नवा कन्व्हर्टर बसवतो, तेलाचा दाब चढवतो. वरून पेटी तीच दिसते, आत दुसरंच जनावर बसलेलं असतं.

आणि पावतीवर लिहिलेलं असतं, गॅरंटी आजीवन.

असं सगळेच लिहितात. खाली मुंगीच्या अक्षरांत पंचवीस अटी असतात. पण एकतीस वर्षांपूर्वी डेल्मर पावतीपुस्तकं छापायला गेला तेव्हा छापखानेवाला खवचट निघाला. म्हणाला, "आजीवन म्हणजे कोणाचं जीवन? गाडीचं? मालकाचं?" तेव्हा डेल्मर ऐन पस्तिशीत, मानेला बैलासारखी वळी. "माझं! दुसऱ्या कोणाचं?" तो गुरगुरला. छापखानेवाल्याने तसंच छापलं. आजीवन, म्हणजे डेल्मर हाउगन जिवंत असेपर्यंत.

तेव्हापासून डेल्मरची तब्येत ही गावाची मालमत्ता. हिवाळ्यात त्याच्या पायऱ्यांवरच्या बर्फावर कोणीतरी आधीच मीठ टाकून गेलेलं असतं. धुराडं साफ करायला तो शिडीवर चढला की रस्त्यावरच्या दोन गाड्या थांबतात आणि माणसं खाली उतरून शिडी धरतात. मी या भागात टपाल वाटते, रोज त्याच्या दारावरून जाते. या प्रकाराला सगळ्यात जास्त मी हसले असेन.

यंदाच्या ऑगस्टपासून हसणं जरा कमी झालं.

आर्लिस, डेल्मरची बायको, हिच्या फुप्फुसांनी गेल्या वर्षीच मान टाकली होती. ऑक्सिजनचं यंत्र झोपायच्या खोलीत, तिथून निघालेली पंधरा मीटरची नळी तिच्या नाकात. ती नळी स्वयंपाकघरात पोहोचते, न्हाणीघरात पोहोचते, आणि मागच्या दाराने गॅरेजकडे जाणाऱ्या तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचते. "माझं राज्य... तिसऱ्या पायरीपर्यंत," असं ती म्हणायची. तीन-चार शब्द बोलायचे, थांबायचं, श्वास ओढायचा, मग पुढचे. पण बाई अशी तिखट, की त्या थांबण्याचाही उपयोग करून घ्यायची. टोमण्याचं टोक ती श्वासानंतर काढायची.

ऑगस्टात डॉक्टरने सांगितलं की क्रॉमर सात हजार दोनशे फुटांवर आहे, ही फुप्फुसं इथे दुसरा हिवाळा काढणार नाहीत. समुद्रसपाटीला जा. बर्फ पडायच्या आत. पुढच्या वर्षी वगैरे नाही.

त्यांची मुलगी शॉना टेक्ससच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टला असते. तिच्या अंगणात ओकच्या झाडाखाली यांचं चाकांवरचं घर उभं करायला जागा होती. घर पस्तीस फुटी. ओढायला डेल्मरची स्वतःची पिकअप. आणि गंमत अशी, की अख्ख्या गावाचे गिअरबॉक्स भरणाऱ्या या माणसाच्या गाडीत सतरा वर्षं कंपनीचा गिअरबॉक्स, जसाच्या तसा. वेळच नाही झाला. त्या गिअरबॉक्सवर ते घर ओढलं असतं तर पहिल्याच घाटात रस्त्याकडेला संसार मांडावा लागला असता.

तेव्हा ठरलं. सप्टेंबरात डेल्मर स्वतःचा गिअरबॉक्स भरणार, एक ऑक्टोबरला निघायचं.

सुट्या भागांचा पहिला खोका मीच आणून दिला. प्लेटांचा. चार दिवसांनी पाहते तर आर्लिस तिसऱ्या पायरीवर उभी.

"आला होता ना खोका?" मी विचारलं.

"आला. आणि गेला." श्वास. "पेंडवाल्याच्या... गाडीत."

गॅरेजमधून डेल्मर ओरडला, "गॅरंटीची होती! त्याचा ट्रक भर रस्त्यात बंद पडला, मी काय करू?"

"काही नको करू. माझ्यासाठी... शवपेटी मागव." श्वास. "तीही कोणाला तरी... बसवशील."

दुसरा खोका शाफ्टचा. तो बीटवाल्या बाईच्या गाडीत गेला. तिसरा कन्व्हर्टर, तोही दुसऱ्याच गाडीत गेला आणि दहा दिवसांत पुन्हा मागवावा लागला. एक ऑक्टोबर आला आणि गेला. उत्तरेकडचे डोंगर पांढरे दिसायला लागले. आर्लिस सकाळी वेणी घालायची, ती आता अर्ध्यात हात खाली ठेवून बसायला लागली. मी टपाल दिलं की म्हणायची, "जरा... शेंडा बांधून दे." मी बांधायचे. खोलीत यंत्राची घरघर आणि बाहेर डेल्मरच्या हवेच्या पान्याचा आवाज, दोन्ही एकदमच चालू असायचं.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला डेल्मरचा गिअरबॉक्स पुरा झाला. टेबलावर उभा, बाहेरून काळा रंग मारलेला, तोंडाला प्लास्टिक बांधलेलं. "उद्या चढवतो, परवा निघतो," डेल्मर म्हणाला. आर्लिसने घरातले पडदेसुद्धा काढून घडी करून ठेवले.

दहा तारखेला सकाळी टली एचेव्हेरीची पिकअप कोणीतरी दोराने ओढत आणली.

टली म्हणजे पाच हजार मेंढ्यांचा मालक. आजोबा स्पेनच्या बास्क प्रदेशातून मेंढ्या वळायला आले, नातू अजून वळतोय. तो गाडीतून उतरला तो टोपी हातात घेऊनच, चर्चमध्ये शिरल्यासारखा.

"गिअरबॉक्स घाटात गेला, डेल. मागे गवत होतं. आतून धाड्‌कन आवाज झाला आणि मग इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही." मग मान खाली घालून, "माझंच चुकलं. जुलैत मी ट्यून मारली. कॉम्प्युटरवरून इंजिनाची ताकद वाढवून घेतली. तू नको म्हणाला होतास."

"किती वाढवलीस?"

"नव्वद घोडे."

"नव्वद?"

तिसऱ्या पायरीवरून आर्लिस म्हणाली, "तू तर मेंढ्या... पाळतोस ना रे?" श्वास. "शर्यतीत कधी... उतरवल्यास?"

टली लाल झाला. "म्हणून म्हणतो, हे गॅरंटीत धरू नकोस. तुम्ही निघा. मी गाडी कॅस्पर शहरात कोणाकडे तरी टाकतो."

हे खरंच होतं. पावतीवर एकच अट होती, की ट्यून मारली तर गॅरंटी संपली. आजवर कितीजण ट्यून मारून आले, चेहरा मेंढरासारखा करून खोटं बोलले, आणि डेल्मरने जळक्या प्लेटा त्यांच्या नाकाखाली धरून त्यांना परत पाठवलं. हा एकटाच आपणहून कबूल करत होता. डेल्मरने फक्त "बरं" म्हणायचं होतं.

"उघडून बघतो," डेल्मर म्हणाला.

"कशाला?" आर्लिसने विचारलं.

"बघायला."

दुपारी मी टपालाची फेरी संपवून परत आले तेव्हा टलीची पेटी उघडून टेबलावर मांडलेली होती. टली स्टुलावर, आर्लिस पायरीवर शाल गुंडाळून. डेल्मर पाठमोरा.

तेल एका पांढऱ्या ताटलीत काढलेलं होतं. लाल. चेरीच्या रसासारखं स्वच्छ लाल. प्लेटा जळल्या की तेल काळं होतं आणि असा वास सुटतो की कपड्यांतून दोन दिवस जात नाही. इथे वास नव्हता. प्लेटा रांगेत मांडलेल्या, भाजक्या पावाच्या रंगाच्या, नव्या असतात तशाच, एकीवरही डाग नाही.

डेल्मरच्या हातात ड्रम होता, प्लेटा ज्यात बसतात तो पोलादी डबा. त्याच्या आतल्या काठाला एक बारीक खाच असते, आणि त्या खाचेत एक सर्क्लिप, एका जागी कापलेली स्प्रिंगची कडी. प्लेटांचा अख्खा गठ्ठा ती कडी दाबून धरते. कडी खाचेत बसली की बसली. पण एखाद्या बाजूला अर्धवट बसली तर डोळ्याला ती बसल्यासारखीच दिसते. म्हणून डेल्मर एकतीस वर्षं एकच गोष्ट करत आला, कडी बसवल्यावर खाचेवरून बोट फिरवायचं, पूर्ण वर्तुळ. बोटाला कळतं.

टलीच्या ड्रममध्ये तळहाताएवढ्या भागात खाचेचा काठ तुटला होता. बाकी काठ नव्यासारखा. त्या तेवढ्या भागात कडी कधी बसलीच नव्हती.

डेल्मरचे कान लाल झालेले मला मागून दिसले.

"जळल्या ना?" टलीने विचारलं. त्याला मेंढीचा खूर बघून तिचा आजार सांगता येतो, पण हे त्याला काळं की गोरं कळत नव्हतं.

डेल्मरने ड्रम उजेडाकडे वळवला.

"जळल्यात का?" आर्लिसने विचारलं.

आता, आर्लिसने गॅरेज काढल्यानंतरची पहिली दहा वर्षं त्या टेबलाशी उभं राहून प्लेटा धुतल्या आहेत. तिसऱ्या पायरीवरून तिला तो भाजक्या पावाचा रंग स्वच्छ दिसत होता. तिने विचारलं ते त्याला "हो" म्हणता यावं म्हणून. नंतर तिने मला तसं सांगितलंही. "मी त्याला... दार उघडून दिलं होतं," म्हणाली.

डेल्मरने ड्रम टेबलावर ठेवला.

"नाही," डेल्मर म्हणाला. "नाही जळल्या. ट्यूनचा काही संबंध नाही, टली. ट्यूनने उद्या जळल्या असत्या, आज नाही. कडी मी नीट बसवली नव्हती."

"तू?" टली हसलाच. "जा रे."

"फेब्रुवारीपासून बोटांना कळत नाही मला." त्याने उजव्या हाताची तीन बोटं वर केली, शाळेतल्या पोरासारखी. "साखरेने. गरम-गार कळत नाही, खडबडीत-गुळगुळीत कळत नाही. सवयीने फिरवत होतो."

आर्लिसने डोळे मिटले. उघडले.

"मला का नाही... सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, गॅरेज बंद कर."

"आणि आपण... ऑगस्टमध्येच... गेलो असतो."

"हो."

"हो म्हणतोय!" ती टलीला म्हणाली, जणू डेल्मर तिथे नव्हताच. "बेचाळीस वर्षांपूर्वी... चर्चमध्ये पण... हेच म्हणाला होता. मी जिवंत... असेपर्यंत." श्वास, लांब. "मग गावालाही... तेच छापून दिलं. एकच आयुष्य... दोघांना विकलंय या माणसाने."

टलीने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "मी कॅस्परलाच नेतो ना," तो पुटपुटला. "कोणाला कळणार आहे?"

"बारा," डेल्मर म्हणाला.

"काय बारा?"

"फेब्रुवारीपासून. तुझा धरून बारा भरलेत. अकरा अजून रस्त्यावर आहेत. एकीच्या मागे शाळेचे घोडे असतात, पोरं बसलेली असतात गाडीत. माझ्या नावाने घाट उतरतायत सगळे." तो आर्लिसकडे बघत होता. "मी कसा जाऊ?"

या वेळी तिने टोमणा मारला नाही. तिने शाल घट्ट ओढली. मग म्हणाली, "टली, कोकरं... विकून झाली?"

"मागच्या आठवड्यात."

"समुद्र... बघितलायस?"

"मी? नाही. तळं बघितलंय."

"मग चांगली टोपी घे. ही... नको." तिने टेबलावरच्या काळ्या रंगाच्या पेटीकडे बोट केलं. "ती तुझ्या गाडीत... बसते. तू माझं घर... ओढायचंस. मला घेऊन."

"आर्लिस—" डेल्मर.

"तू गप्प. तुझी चूक... तुझ्याच पेटीने भरून दे. मी... मार्चपर्यंत... इथे नाही टिकत."

हे पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्याने म्हटलं.

पण त्या काळ्या पेटीतली कडीही त्याच बोटांनी बसवलेली होती. तेव्हा ती पेटी पुन्हा उघडावी लागली. नवा रंग, प्लास्टिक, सगळं सोडवलं. ड्रम बाहेर काढला. माझं बोट चालेल का म्हणून मी विचारलं, तर डेल्मर म्हणाला, "आधी तिचं." नळी टेबलापर्यंत पुरत नव्हती. टलीने तो जड ड्रम दोन्ही हातांत घेतला आणि तिसऱ्या पायरीशी जाऊन गुडघ्यावर बसला. आर्लिसने शाल मागे सारली, तर्जनी आत घातली आणि डोळे मिटून फिरवली. अर्धं वर्तुळ. थांबली. श्वास. उरलेलं अर्धं.

"इथे," ती म्हणाली. "इथे... वर आहे."

डेल्मरने स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या टोकाने तिथे दाबलं. टक्‌. एवढासा आवाज.

"आता?"

"आता बसली."

टलीने कोणी न सांगता आपल्या छातीवर क्रूसाची खूण केली. ती पेटी, ते घर आणि ती बाई, तिन्ही आपल्याच हाती येणार आहेत, हे त्याला तेव्हा उमगलं असावं.

दोन दिवसांनी सकाळी दहाला ते निघाले. टलीची पिकअप, मागे पस्तीस फुटी घर, आर्लिसच्या पायाशी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. टलीने टोपी खरंच नवी घेतली होती. ट्यून त्याने स्वतःहून काढून टाकली होती, तरी डेल्मरने तीनदा विचारलं.

"उतारावर गिअर खाली घे. तेलाच्या तापमानाचा काटा बघत राहा. दोनशेवीसच्या वर गेला तर थांब."

"थांबेन."

"ती म्हणेल चल, तरी थांब."

खिडकीतून आर्लिस म्हणाली, "फ्रीजरमध्ये... चिलीच्या रश्शाचे डबे आहेत. तारखा टाकल्यात. पुढच्या तारखेचं... आधी खाऊ नकोस."

"अकरा गाड्या," डेल्मर म्हणाला. "एकेकीला तीन दिवस. लोक आणतील तशा."

"म्हणजे... बर्फ."

"म्हणजे मार्च. घाट उघडले की निघतो."

तिने खिडकीतून हात काढून त्याची तीन बोटं धरली. "कळतंय?"

डेल्मर खोटं बोलायला गेला असावा, पण जमलं नाही. त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग तिने त्याचं मनगट धरलं, आणखी वर, जिथे कळतं तिथे.

गाडी वळणापर्यंत गेली. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, धक्का नाही, आवाज नाही. डेल्मर मान तिरकी करून ऐकत होता. चौथा पडायच्या आत वाऱ्याने आवाज नेला.

पहिली गाडी आमचीच होती. माझा नवरा लायल कुरकुरत होता, "चालतेय की झकास, कशाला खोलायची?" मी त्याच्या हातातून किल्ली घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी ड्रम टेबलावर आला तेवढ्यात फोन वाजला. डेल्मरचे हात तेलाने माखलेले, त्याने कोपराने स्पीकरचं बटण दाबलं.

"म्हाताऱ्या, ऐक, आम्ही खाली सपाटीला आलोय आणि इथे भर ऑक्टोबरात लोक बनियनवर फिरतायत आणि हा टली काल रात्री हॉटेलवाल्याला विचारत होता समुद्राला कुंपण असतं का म्हणून आणि तुझी औषधं तू घेतली नसणार मला माहीत आहे, निळ्या डब्यात सकाळची आहेत आणि पांढऱ्यात—"

आर्लिस. मध्ये एकदाही न थांबता. डेल्मर खुर्चीवर बसला.

"ऐकतोयस का?"

"परत म्हण," तो म्हणाला.

"काय परत?"

"सगळं. पहिल्यापासून."

"वेडा झालायस का तू? टलीचा फोन आहे हा!" पण तिने परत म्हटलं, कुंपणासकट, आणि या वेळी मध्ये हसलीसुद्धा. खोकला आला, पण हसून झाल्यावर.

फोन संपला तरी तो तसाच बसला होता. मी हात पुसले आणि ड्रमपाशी गेले. "सांग," म्हटलं, "कुठून सुरू करू?"

"कापाच्या जागेपासून. सावकाश."

मी बोट घातलं. पोलाद गार होतं. एक वर्तुळ. कडी सगळीकडे खाली, काठाशी सपाट.

"बसलीये."

"पुन्हा फिरव."

पुन्हा फिरवलं. "बसलीये, डेल. अगदी नीट. आमची चांगलीच होती."

मला वाटलं तो सुटकेचा श्वास टाकेल. त्याने ड्रमकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. पेन्सिलने यादीतलं आमचं नाव खोडलं. खाली दहा नावं होती, आणि त्यातली कुठली नीट आणि कुठली नाही हे त्यांतल्या एकाही नावाकडे बघून कळत नव्हतं.

त्याने पुढचा नंबर फिरवला. बीटवाली बाई. मागे मशीनची धडधड ऐकू येत होती.

"घेऊन ये गाडी," डेल्मर म्हणाला. "नाही, बिघडलेली नाही. माहीत नाही. म्हणूनच."

"आत्ता? वेडा आहेस का? बीट जमिनीत आहेत माझे. पंधरा नोव्हेंबरच्या आत गाडी देत नाही मी."

"रिकामी चालव तोवर. घाटात नेऊ नकोस."

"डेल, बीट घाटापलीकडेच जातात."

"माहितीये," तो म्हणाला. "पंधराला सकाळी ये. सातला. मी इथेच आहे."